हात पोचेल तिथवर

अमूर्त अभिव्यक्तिवादाची चित्रं पुस्तकात पाहणं म्हणजे ती जवळजवळ न पाहणंच. छापील पानावर जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को आणि बार्नेट न्यूमन एकाच मापाचे होऊन जातात. तिघांचीही चित्रं तळहाताखाली झाकता येतात. न्यूयॉर्कच्या 53व्या रस्त्यावर म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आहे, सगळे त्याला 'मोमा' म्हणतात. तिथल्या दालनात शिरले आणि समोरच्या भिंतीवर पोलॉकचं 'वन: नंबर 31, 1950' दिसलं. उंची जवळपास नऊ फूट, रुंदी साडेसतरा फूट. काळ्या, पांढऱ्या, तपकिरी, निळसर करड्या धारांचं ते जाळं नजरेच्या दोन्ही टोकांबाहेर जात होतं. चित्राचा मध्य शोधायला गेलेली नजर कुठेच टेकत नव्हती. मी दोन पावलं मागे गेले, मग चार पुढे आले. जवळ गेल्यावर दिसलं, की काही धारा कॅनव्हासमध्ये पार मुरल्या आहेत आणि काही अजून उठावदार, चकचकीत आहेत. एकावर एक किती वेळा रंग पडला, तो आधीचा वाळायच्या आत पडला की नंतर, हेही हळूहळू वाचता येऊ लागलं.

माझी भाची सोबत होती. ती न्यूयॉर्कमध्ये वास्तुकला शिकते, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहताना तिची नजर आधी कडांवर जाते. चित्राची डावी कड, उजवी कड, वरचा कोपरा असं सगळं निरखून ती म्हणाली, "मावशी, हे एवढं मोठं त्यानं ठेवलं कुठे? आणि मधोमध हात कसा पोचला?"

"जमिनीवर अंथरलेलं होतं. चारही बाजूंनी फिरत रंग टाकायचा."

"मग ती जमीन बघायला हवी."

ती जमीन अजून आहे. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला, ईस्ट हॅम्प्टनजवळच्या स्प्रिंग्ज नावाच्या वस्तीत पोलॉक आणि त्याची पत्नी, चित्रकार ली क्रास्नर, यांचं घर जपून ठेवलेलं आहे. उन्हाळ्याच्या मोसमात, आधी वेळ ठरवून, ते पाहता येतं. आम्ही वेळ घेतली आणि निघालो.

पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेल्वे सुटते. जमैका स्थानकावर गाडी बदलायची आणि मोंटॉकच्या दिशेने जायचं. तीन तासांच्या आसपासचा हा प्रवास आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना क्वीन्सच्या विटांच्या इमारती, गोदामं, गाड्यांचे ताफे. मग घरं सुटी सुटी होतात, मध्ये खुरट्या पाईन आणि ओकची झाडी येते, आणि साउदॅम्प्टन मागे पडल्यावर उजेडच वेगळा वाटू लागतो. जमिनीची पट्टी इथे अरुंद आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला खाड्या, त्यामुळे आभाळ दोन्हीकडून उजळतं. या उजेडासाठी चित्रकार एकोणिसाव्या शतकापासून इथे येत आले आहेत.

पोलॉक आणि क्रास्नर 1945 च्या नोव्हेंबरमध्ये इथे आले, नुकतंच लग्न करून. त्याआधी दोघं मॅनहॅटनमध्ये 8व्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते, आणि त्या फ्लॅटची एक हकीकत गाडीत मी भाचीला सांगितली, कारण ती तिच्याच विषयातली होती. पेगी गुगनहाइम ही श्रीमंत संग्राहक. तिने 1942 मध्ये 57व्या रस्त्यावर 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' हे कलादालन उघडलं. पुढच्या वर्षी तिने पोलॉकला महिना दीडशे डॉलरचा करार दिला आणि आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी एक भलंमोठं चित्र करायला सांगितलं. ते 'म्युरल' जवळपास आठ फूट उंच आणि वीस फूट लांब व्हायचं होतं. पोलॉकच्या फ्लॅटमध्ये तेवढी भिंतच नव्हती. तेव्हा दोन खोल्यांमधली भिंत पाडून कॅनव्हास ताणावा लागला. आज ते चित्र आयोवा विद्यापीठाकडे आहे.

"म्हणजे चित्रासाठी आधी घर मोडलं," भाची म्हणाली.

मला वाटतं, या चळवळीचं एक मोठं सत्य त्या पाडलेल्या भिंतीत आहे. या चित्रकारांना मोठी जागा हवी होती आणि मोठ्या चित्राची त्यांची हाव पोकळ नव्हती. त्यांच्यापैकी बरेच जण 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारी 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट'मधून महिन्याला ठरावीक पैसे घेऊन काम करत होते. सार्वजनिक इमारतींच्या भिंती रंगवण्याची सवय त्या काळातली. मेक्सिकोच्या भित्तिचित्रकारांचा दबदबा होता. त्यांच्यापैकी सिकेरोस याने 1936 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या कार्यशाळेत रंग ओतणं, शिंपडणं, कारखान्यातले रंग वापरणं असे प्रयोग चालत, आणि तरुण पोलॉक तिथे होता. पुढे महायुद्ध आलं. युरोपातून परागंदा झालेले सरिअलिस्ट चित्रकार न्यूयॉर्कमध्ये उतरले आणि मनाच्या तळातून आपोआप उमटणाऱ्या रेषेचं आकर्षण इथल्या मंडळींना लागलं. हान्स हॉफमनसारखा जर्मन शिक्षक त्यांना घनवादाची शिस्त शिकवत होता. क्रास्नर त्याचीच विद्यार्थिनी. या सगळ्यातून 1940 च्या दशकात जे उभं राहिलं, त्याला 1946 मध्ये 'न्यूयॉर्कर'चे समीक्षक रॉबर्ट कोट्स यांनी हॉफमनच्या चित्रांबद्दल लिहिताना 'अमूर्त अभिव्यक्तिवाद' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

ईस्ट हॅम्प्टन स्थानकावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. गावात 1806 ची हूक मिल ही पवनचक्की अजून उभी आहे. तिच्यापासून उत्तरेकडे गेलं की उंची दुकानं आणि कापलेल्या कुंपणांचा श्रीमंती भाग मागे पडतो. स्प्रिंग्ज ही मुळात कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची वस्ती. ॲकाबोनॅक खाडीवरून इथल्या जुन्या रहिवाशांना 'बॉनाकर' म्हणतात. शहरातून आलेल्या या विचित्र जोडप्याला त्यांनी हळूहळूच आपलं म्हटलं. पोलॉककडे पैसे नसत. गावातल्या किराणा दुकानदाराने उधारीच्या बदल्यात त्याचं एक चित्र घेतलं, ही गोष्ट इथे अजून सांगतात.

स्प्रिंग्ज-फायरप्लेस रस्त्यावर, झाडांच्या मागे, राखाडी लाकडी पट्ट्यांनी मढलेलं दुमजली घर आहे. 1879 च्या सुमाराचं. पाच हजार डॉलरची किंमत होती आणि सुरुवातीचे दोन हजार पेगी गुगनहाइमने उसने दिले. तेव्हा घरात न्हाणीघर नव्हतं, गरम पाणी नव्हतं. पहिला हिवाळा दोघांनी चुलीच्या उबेवर काढला. आज मागच्या अंगणात उभं राहिलं की गवत उतरत उतरत थेट खाडीपर्यंत जातं. पाणथळ गवताचे हिरवे पट्टे, मध्ये चमकणारं पाणी, पलीकडे झाडांची रेघ. ही उघडीक आयती मिळालेली नाही. घरामागचं लाकडी कोठार खाडीच्या आड येत होतं. 1946 मध्ये पोलॉकने ते उचलून बाजूला हलवून घेतलं आणि तेच आपलं काम करण्याचं ठिकाण केलं. उत्तरेच्या भिंतीत त्याने खिडकी काढली ती उंचावर. उजेड आत यावा, पण बाहेरचा देखावा दिसू नये. ज्या माणसाने देखाव्यासाठी कोठार हलवलं, त्यानेच काम करताना तो देखावा नजरेआड ठेवला.

कोठारात जाण्याआधी चपला-बूट काढून मऊ सपाता घालाव्या लागतात. त्या घालून आम्ही आत पाऊल टाकलं आणि दोघीही आपोआप खाली पाहू लागलो.

पूर्ण जमीन रंगाने भरलेली आहे. काळ्या एनॅमलचे फटकारे, चंदेरी ॲल्युमिनियम रंगाचे ठिपके, पिवळा, विटकरी, निळा, फिकट गुलाबी. एकमेकांना कापत गेलेल्या धारा एका ठिकाणी येऊन अचानक थांबतात, अगदी सरळ रेषेत. त्या सरळ रेषेपलीकडे कॅनव्हासची कड होती. कड ओलांडून बाहेर सांडलं ते जमिनीवर राहिलं, आत पडलं ते आज न्यूयॉर्कमध्ये, वॉशिंग्टनमध्ये, कॅनबेरामध्ये आहे. मार्गदर्शक बाईंनी एकेक जागा दाखवली: हे रंग 'ऑटम ऱ्हिदम'चे, हे 'कन्व्हर्जन्स'चे, हे 'ब्लू पोल्स'चे. हे शेवटचं चित्र 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तेरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं आणि त्यावरून त्या देशात मोठा गदारोळ झाला.

ही जमीन वाचली तीही एका दुरुस्तीमुळे. पोलॉकने 1953 मध्ये कोठार हिवाळ्यात वापरण्याजोगं करून घेतलं तेव्हा जुन्या जमिनीवर मेसोनाइटच्या चौकोनी फळ्या ठोकल्या. त्याच्या सगळ्यात भरभराटीच्या वर्षांतला रंग त्या फळ्यांखाली बंद झाला. दोघांच्याही पश्चात, 1980 च्या दशकाच्या शेवटी, संग्रहालय उभं करताना त्या फळ्या काढल्या आणि खालून हे सगळं वर आलं. 1988 पासून लोक इथे येत आहेत आणि 1994 मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

भाचीने जमिनीवरच्या एका सरळ कडेशी उभं राहून उजवा हात पुढे केला, कमरेत वाकली, आणि हवेतच हात फिरवला. मग कड सोडून चार पावलं चालत तोच हात पुन्हा फिरवला. मार्गदर्शक बाई हसल्या. असं करणारी ती पहिली नसावी. मला मात्र त्या क्षणी मोमातल्या चित्रातल्या वळणांचा उलगडा झाला. मोठ्या कमानी खांद्यातून आल्या आहेत, मधल्या कोपरातून, बारीक थेंबांचे झुपके मनगटाच्या झटक्यातून. लांब जाणारी धार चालत गेलेल्या माणसाची आहे. साडेसतरा फुटांचं चित्र या जमिनीवर अंथरलं की भोवती फिरायला मोजकीच वाट उरते. म्हणजे चित्र किती मोठं व्हावं हे कोठाराने ठरवलं, आणि त्याच्या आतल्या प्रत्येक रेषेचं माप एका माणसाच्या बाहूने ठरवलं.

रांगोळी घालणारा हात जमिनीला टेकत नाही. चिमटीतून सुटणारी धार आणि हाताची चाल यांच्या मेळातून रेष उमटते. पोलॉकचं काम त्या जातीचं आहे, आणि जमिनीवर काम करण्याची प्रेरणाही त्याला अशाच परंपरेतून मिळाली होती. 1941 मध्ये मोमातल्या प्रदर्शनात नवाहो लोकांना जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं घालताना त्याने पाहिलं होतं. त्याने वाळूऐवजी घरांना लावायचा एनॅमल घेतला, ब्रश वाळून कडक झाला की त्याचीच काठी केली, आणि रंग कॅनव्हासच्या वर हवेतून सोडला. ते डबे आणि ब्रश कोठारात ठेवलेले आहेत.

'रंग नुसता फेकायचा, हे तर कोणीही करेल,' हे वाक्य या चित्रांसमोर मराठीत, इंग्रजीत, सगळ्या भाषांत ऐकू येतं. त्याचं उत्तर द्यायला ही जमीन पुरेशी आहे, पण विज्ञानानेही त्यात भर घातली आहे. दाट द्रव उंचावरून सावकाश सोडला की तो खाली पडताना वेटोळी घेतो. पोलॉकच्या रेषांमध्ये अशी वेटोळी क्वचित सापडतात. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की हाताची उंची, हाताचा वेग आणि रंगाचा दाटपणा यांचा त्याने असा मेळ घातला होता, की धार वेटोळी न घेता सलग वाहत राहावी. सूत्र त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सरावाने हाताला ते कळलं होतं. 1950 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याच्या चित्रांचा संबंध गोंधळाशी जोडला तेव्हा त्याने संपादकांना तार करून ठणकावलं, की इथे गोंधळ अजिबात नाही.

दारूच्या नशेत रंग उधळणारा वेडा कलावंत, ही प्रतिमाही इथल्या तारखांसमोर टिकत नाही. पोलॉकला दारूचं व्यसन होतं आणि त्याने त्याचं आयुष्य पोखरलं, हे खरं. पण 1948 च्या अखेरीपासून 1950 च्या नोव्हेंबरपर्यंत तो दारूपासून दूर होता, आणि त्याची 'वन', 'ऑटम ऱ्हिदम', 'लॅव्हेंडर मिस्ट' ही श्रेष्ठ चित्रं नेमकी याच काळातली आहेत. छायाचित्रकार हान्स नामुथने 1950 मध्ये त्याची छायाचित्रं घेतली आणि मग रंगीत चित्रपट केला. त्यासाठी पोलॉकला अंगणात, थंडीत, काचेवर रंगकाम करावं लागलं. कॅमेरा काचेखाली होता. शेवटचं चित्रण संपवून तो घरात आला आणि त्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली. ज्या कामाला कोठाराचा एकांत लागत होता, ते सांगितल्याबरहुकूम पुन्हा पुन्हा करून दाखवण्याची वेळ त्याच्यावर आली होती. नामुथच्या छायाचित्रांनी पोलॉकला जगप्रसिद्ध केलं. त्यांच्यामुळे त्याच्या चित्रांहून त्याच्या अंगविक्षेपांचीच चर्चा जास्त झाली, असं मला ठामपणे वाटतं. 1952 मध्ये समीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी कॅनव्हास हा कृती करण्याचा आखाडा आहे असं मांडलं आणि 'ॲक्शन पेंटिंग' ही संज्ञा रूढ झाली. समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांचा आग्रह उलट होता: पाहायचं ते चित्राचं सपाट पृष्ठ, त्यावरच्या रंगाचं वजन. स्प्रिंग्जच्या जमिनीवर उभं राहिल्यावर दोघांचं भांडण मला अपुरं वाटलं. कृती आणि पृष्ठ इथे वेगळे काढताच येत नाहीत. रेष कुठे पडली आणि हात कुठून आला, ही एकाच माहितीची दोन अंगं आहेत.

यानंतर मार्गदर्शक बाईंनी आम्हाला वर पाहायला सांगितलं. भिंतींवरही रंग आहे. मोठे फराटे, गुलाबी, हिरवा, मातकट. हा रंग क्रास्नरचा आहे.

हे नीट समजायला घराच्या वरच्या मजल्यावरची छोटी झोपण्याची खोली पाहावी लागते. कोठार पोलॉककडे गेल्यावर क्रास्नर तिथे काम करायची. खोली इतकी आखूड, की दोन-तीन फुटांहून मोठं काही अंथरायची सोयच नाही. 1946 ते 1950 या काळात तिने इथे 'लिट्ल इमेज' ही मालिका केली. दाट रंगाच्या थरांवर पांढऱ्या रेषांची गर्दी, चिन्हांसारखे आकार ओळीत बसवलेले. मोमात यातलं 1949 चं एक चित्र आम्ही पाहिलं होतं. तिथे पोलॉकच्या भव्य जाळ्यांसमोर ते लहान, आवरलेलं वाटलं होतं. आता त्याच्यामागची खोली दिसली. त्या चित्रांत किती जोर दाबून भरला आहे हे त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

11 ऑगस्ट 1956 च्या रात्री, घरापासून मैलभरही नसलेल्या वळणावर, दारू पिऊन भरधाव चालवलेली पोलॉकची गाडी झाडावर आदळली. तो 44 वर्षांचा होता. गाडीतल्या एका तरुणीचाही त्यात जीव गेला. क्रास्नर तेव्हा पॅरिसमध्ये होती. ती परतली, आणि पुढच्या वर्षी तिने कोठार आपल्या कामासाठी घेतलं. जमिनीवर न अंथरता ती कॅनव्हास भिंतीला टाचायची. पाहता पाहता तिच्या चित्रांचं माप बदललं. 1957 चं 'द सीझन्स' सतरा फूट रुंद आहे. ते आता व्हिटनी संग्रहालयात आहे. हिरव्या-गुलाबी फळांसारखे, गर्भासारखे फुगलेले आकार त्यात एकमेकांना ढकलत असतात. पुढे तिला झोप येईनाशी झाली. रात्री विजेच्या दिव्यात रंग खरे दिसत नाहीत म्हणून तिने रंगच बाजूला ठेवले आणि तपकिरी-पांढऱ्याची एक सबंध मालिका केली. ब्रश हातात घेऊन ती उडी मारून उंच टोक गाठायची, असं त्या चित्रांच्या वरच्या फराट्यांवरून सहज पटतं.

"म्हणजे जमीन त्याची आणि भिंती तिच्या," भाची म्हणाली.

त्या कोठाराचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. एकाच छपराखाली दोन माणसांच्या हातांची मापं शिल्लक आहेत, एक आडवं आणि एक उभं. तरीही क्रास्नरला अनेक वर्षं पोलॉकची पत्नी म्हणूनच ओळखलं गेलं. तिचं मोठं पूर्वावलोकी प्रदर्शन मोमात लागलं ते 1984 च्या डिसेंबरमध्ये. ती त्याच वर्षी जूनमध्ये वारली होती. या चळवळीने स्त्रियांना किती जागा दिली, हे 1951 च्या जानेवारीत 'लाइफ' साप्ताहिकात छापलेल्या प्रसिद्ध छायाचित्रातही दिसतं. पंधरा चित्रकार, त्यांत एकटी हेडा स्टर्न. क्रास्नर त्यात नाही.

घरापासून जवळच ग्रीन रिव्हर स्मशानभूमी आहे. उंचवट्यावर एक प्रचंड दगड, त्यावर पोलॉकच्या सहीची ब्राँझची पट्टी. त्याच्या पुढ्यात धाकटा दगड क्रास्नरचा. आजूबाजूला चित्रकार ॲड राइनहार्ट, स्टुअर्ट डेव्हिस, एलेन द कूनिंग, कवी फ्रँक ओहारा. न्यूयॉर्कच्या कलाविश्वाचा एक मोठा तुकडा या कोळ्यांच्या वस्तीत विसावला आहे. चित्रकार विलेम द कूनिंगनेही नंतर स्प्रिंग्जमध्येच काम करण्याचं प्रशस्त ठिकाण बांधलं. भाचीने दोन्ही दगडांकडे पाहून विचारलं, "तिचा एवढा लहान का?" मी म्हटलं, "तिचा मोठा दगड इथे नाही. तो शहरात आहे." क्रास्नरने आपल्या मृत्युपत्राने उभी केलेली पोलॉक-क्रास्नर फाउंडेशन 1985 पासून जगभरच्या गरजू चित्रकारांना आणि शिल्पकारांना अर्थसाहाय्य देते. त्यात भारतातलेही कलावंत आहेत. काम करायला जागा मिळणं म्हणजे काय, हे त्या छोट्या खोलीत वर्षं काढलेल्या बाईला पुरतं ठाऊक होतं.

भारतातल्या कलावंतांचा विषय निघाला, तसं परतीच्या गाडीत मी चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल बोलत राहिले. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, गिरगावच्या चाळीत वाढलेले, जे. जे. मधून 1948 मध्ये पदविका घेतलेले गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आले, तेव्हा अमूर्त अभिव्यक्तिवाद प्रतिष्ठा पावलेला होता. मोमाने 1958-59 मध्ये युरोपातल्या आठ देशांत या चित्रांचं प्रदर्शन फिरवलं होतं. 1967 मध्ये अमेरिकी चित्रकलेची दोन दशकं दाखवणारं प्रदर्शन दिल्लीलाही आलं. शीतयुद्धाच्या राजकारणात ही चित्रं अमेरिकी स्वातंत्र्याची जाहिरात म्हणून वापरली गेली, हे आता सर्वमान्य आहे. गायतोंडे मात्र या लाटेत वाहून गेले नाहीत. रॉथ्कोशी त्यांची तुलना नेहमी होते. पण त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवण्याची, खरवडण्याची स्वतःची संथ रीत घडवली, आणि ती त्यांच्या अंगाच्या मापाची होती. ते उभे कॅनव्हास एका उभ्या माणसाच्या पोचात बसणारे आहेत. 1984 मध्ये अपघातात मानेला दुखापत झाल्यावर मोठा कॅनव्हास त्यांच्या आवाक्याबाहेर गेला, तेव्हा काही वर्षं त्यांनी कागदावर शाईने छोटी कामं केली. आपल्या शरीराला आज काय झेपतं, तेवढंच प्रामाणिकपणे कागदावर आणलं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मोठे कॅनव्हास आणि ही कागदावरची कामं एकाच चित्रकाराच्या वाटचालीचे टप्पे म्हणून जगासमोर आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'ऑटम ऱ्हिदम' पाहायला गेलो. आदल्या दिवशी याच चित्राच्या कडेबाहेर सांडलेला काळा रंग आम्ही सपाता घालून पायाखाली पाहिला होता. भाची चित्रासमोर डावीकडून उजवीकडे चालत गेली, मध्येच थांबली आणि म्हणाली, "इथे तो या बाजूने उभा होता. आणि हे वरचं, हे त्याने पलीकडून टाकलंय." मी पाहिलं. भिंतीवर उभं असलेलं चित्र क्षणात पुन्हा आडवं झालं आणि त्याच्या चारी बाजूंना चालण्याच्या वाटा दिसू लागल्या.

अमूर्त चित्रासमोर उभं राहिल्यावर आपण पहिला प्रश्न अर्थाचा विचारतो आणि उत्तर मिळालं नाही की पाठ फिरवतो. मला वाटतं, पहिला प्रश्न मापाचा असावा. हे करताना माणूस कुठे उभा होता, वाकला किती, हात कुठवर गेला, जागा किती होती, आणि ती कोणाला नव्हती. या प्रश्नांची उत्तरं चित्रातच लिहिलेली असतात. त्यांना कोणा समीक्षकाची मध्यस्थी लागत नाही. पोलॉक, क्रास्नर, गायतोंडे यांची चित्रं त्या वाटेने पाहू लागलं की ती दूरची राहत नाहीत. ज्या कोणाला दोन हात आहेत आणि ज्याला आपल्या आवाक्याची जाणीव आहे, तो माणूस ती वाचू शकतो.